शेकोटी विझल्यावर

‘झालें गेलें गंगेला मिळालें’ असें म्हणून जुना कलह मिटविण्याची आपली रीत आहे. तिच्यांत शहाणपण आहे, हें मी नाकारीत नाहीं. पण ही म्हण उच्चारणारा बहुधा मध्यस्थ असतो. ज्याचें गेलें तो क्वचितच असतो, हें माझ्या मनांतून जात नाहीं. दोन वैऱ्यांनीं हात जोडले कीं मध्यस्थ कृतार्थ होऊन घरीं जातो. समेटाचें मोल त्याच क्षणीं ठरवावयाचें, कीं दोन-तीन वर्षें थांबून?

पश्चिम आफ्रिकेंतील सिएरा लिऑन या देशाच्या अनुभवानें या प्रश्नावर चांगलाच प्रकाश पडतो. तेथें १९९१ पासून २००२ पर्यंत यादवी युद्ध चाललें. ५०,००० हून अधिक माणसें मेलीं. पुढें लुटणारा आणि लुटला गेलेला यांना पुष्कळ ठिकाणीं पुन्हा एकाच गांवांत दिवस काढावे लागले. सत्यशोधनाचा आयोग बसला, मुख्य अपराध्यांसाठीं विशेष न्यायालय झालें. पण खेड्यापाड्यांतील अढी तशीच राहिली. म्हणून २००७ नंतर ‘फंबुल टॉक’ ही संस्था गांवोगांव जाऊं लागली. तेथील क्रिओ भाषेंत या नांवाचा अर्थ ‘कुटुंबांतील बोलणें’. रात्रीं गांव शेकोटीभोंवतीं जमे. पीडित आपल्यावर काय गुदरलें तें सांगे. अपराधी कबुली देऊन क्षमा मागे. शिक्षा नाहीं, पैशाची भरपाईहि नाहीं.

जेकोबस सिलिअर्स, ओइंद्रिला दुबे व बिलाल सिद्दिकी या अभ्यासकांनीं या उपक्रमाची परीक्षा पाहिली. २०० गांवांपैकीं निम्मीं गांवें चिठ्ठ्या टाकाव्या तशीं, कसलाहि पक्षपात न करतां, समेटासाठीं निवडलीं गेलीं. पुढें दोन्ही गटांतील मिळून २,३८३ माणसांना प्रश्न विचारण्यांत आले. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष दुहेरी आहे. समेट झालेल्या गांवांत क्षमाभाव वाढला, स्नेहसंबंध विस्तारले, सार्वजनिक कामाला लोक अधिक हातभार लावूं लागले. परंतु त्याच गांवांत खिन्नता, चिंता आणि जुन्या आघाताच्या स्मृतीनें होणारी मनोव्यथा हींहि वाढलीं. कांहीं गांवांत ९ महिन्यांनीं व पुन्हा ३१ महिन्यांनीं पाहणी झाली, तेव्हां हे बरेवाईट परिणाम टिकून असल्याचें आढळलें.

परीक्षकांनीं केवळ गांवाचें क्षेमकुशल विचारलें असतें, तर हा प्रयोग निखालस यशस्वी ठरला असता. त्यांनीं एकेका माणसाच्या मनाचीहि विचारपूस केली, म्हणून शांततेची किंमत उघडकीस आली. खपली काढली कीं जखम धुवावी लागते, तिच्यावर पट्टी बांधावी लागते. आणि हें काम एका रात्रीचें नव्हे.

यावरून समेट करूंच नयेत असें मी म्हणणार नाहीं. गांवांत दडलेलें वैर केव्हां पेट घेईल याचा नेम नसतो, आणि शेजाऱ्यावरचा विश्वास ही कांहीं लहान मिळकत नव्हे. पण हिशेबाच्या वहींत जमेची बाजूच तेवढी लिहिणाऱ्याला प्रामाणिक म्हणतां येत नाहीं. ज्यांनीं युद्धांत एकदां सर्वस्व गमावलें, त्यांच्याकडून शांततेचीहि वर्गणी वसूल करावयाची असेल, तर ती निदान खर्चाच्या रकान्यांत मांडली पाहिजे. शिवाय शेकोटी विझून मंडळी पांगल्यावर, ज्यानें आपलें दुःख चारचौघांपुढें उघडें केलें, त्याच्याजवळ बसावयास कोणी तरी मागें राहिलें पाहिजे. समेट घडविणाऱ्यांचें कर्तव्य त्या घटकेला संपत नसून खऱ्या अर्थानें सुरू होतें, असें मला वाटतें.