एकट्याच्या नावावर

आमच्या बीडमध्ये गप्पा होतात क्रिकेटच्या, नाहीतर पावसाच्या. त्यामुळे फुटबॉलवर लिहिलं की नातेवाईक हसतात. हसा बापडे!

माझा भाचा शाळेच्या संघात फॉरवर्ड आहे, पुढे एकटाच. घरी आला की पहिला प्रश्न, "किती गोल केलेस?" शून्य म्हटलं की विषय संपला. म्हणून हा लेखनप्रपंच.

पुढे एकच फॉरवर्ड म्हणजे सगळे गोल त्यानेच करायचे, असं नसतं मंडळी. ४-२-३-१ या रचनेत त्याच्या मागे तिघं असतात. तो बचावपटूंना अंगावर घेतो, कधी खाली उतरून त्यांना जागेवरून ओढून आणतो. मोकळ्या झालेल्या जागेत मागचे आणि कडेचे खेळाडू घुसतात.

आपल्या शेजारच्या गोव्याचंच बघा. आयएसएलच्या २०१७-१८ च्या हंगामात एफसी गोवाच्या कोरोने १८ गोल केले, पण लांझारोतेचेही १३ होते. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा पुढे मुंबई सिटीकडे आले. २०२०-२१ मध्ये तिथे ले फाँड्रचे ११, ऑगबेचेचे ८ आणि कडेने खेळणाऱ्या बिपिन सिंगचे ६. १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात ९० व्या मिनिटाला विजयी गोल केला बिपिनने. पास होता फॉरवर्ड ऑगबेचेचा!

आणि फ्रान्सचा जिरू? २०१८ चा विश्वचषक फ्रान्सने जिंकला. जिरूचे गोल शून्य, ग्रीझमान आणि एम्बापेचे चार-चार. तरी प्रशिक्षक देशाँ त्याला खेळवत राहिले.

खरं तर बीडच्या माणसाला हे नवीन वाटायला नको. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आपल्याकडे 'कोयता' म्हणतात. एकाने ऊस तोडायचा, दुसरीने मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या. दोघांशिवाय कोयता पुरा होत नाही. पण मुकादमाकडून उचल घ्यायची वेळ आली की हात पुढे होतो बहुधा नवऱ्याचा, आणि हिशेबही त्याच्याशीच होतो.

फुटबॉलमध्ये निदान पास देणाऱ्याचं नाव आता गोलच्या शेजारी लिहितात. मुकादमाच्या वहीत मोळी बांधणारीचं नाव कधी येणार?