किड्यांची दिवाळी

मस्कतला सकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा गावाकडे सात झालेले असतात. धाकट्या भावाचा फोन आला, की समजायचे, किड्यांना पाला टाकून झाला. ‘दादा, ऐक,’ म्हणत तो फोन रॅकजवळ धरतो. हजारो अळ्या तुतीचा पाला खाताना पत्र्यावर भुरभुर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. रुवीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये पाऊस ऐकायची सोय तेवढीच!

जालना जिल्ह्यात आमची कोरडवाहू कपाशी. भावाने शेडसाठी पैसे मागितले तेव्हा मी हसलो होतो. कोष विकायला कर्नाटकात रामनगरला जावे लागे. भाडे आणि जागरण दोन्ही आपलेच. 2018 मध्ये जालन्याच्या बाजार समितीत कोषांची खरेदी सुरू झाली, आणि मग मी पैसे पाठवले.

अळी चार वेळा कात टाकते. शेवटच्या सात-आठ दिवसांत तिची भूक अशी, की एकूण पाल्यातला बहुतेक तेव्हाच संपतो. घरातले सगळे रात्रंदिवस फांद्या तोडतात. मग चंद्रिकेवर चढून ती कोष विणते. एका कोषात सुमारे किलोमीटरभर अखंड धागा. शंभर अंडीपुंजांना साठ-सत्तर किलो कोष निघाले, की भाऊ खूश.

एकदा नेमक्या त्या शेवटच्या आठवड्यात बांधापलीकडे चुलत्यांनी कपाशीवर फवारणी केली. वारा आमच्याकडचा. दुसऱ्या दिवशी अळ्या हिरवे ओकून तडफडू लागल्या. सगळी बॅच गेली. भावाने मला तीन दिवस कळवलेच नाही, आईकडून समजले. मी फोनवर चिडलो, भरपाई मागू म्हणालो. तो म्हणाला, ‘दादा, तू तिकडं आहेस. बांधाला बांध माझा आहे.’ ते मला लागले, अजून लागते. पण आता काका फवारणीच्या आधी निरोप धाडतात, आणि यंदा त्यांच्या मुलानेही एकरभर तुती लावली आहे.

आई माळकरी. कोषांतला जीव उकळत्या पाण्यात जातो, हे कळल्यापासून गाडी भरताना ती अंगणात थांबत नाही. देवपूजेला वडिलांचा रेशमी मुकटा मात्र सोवळा! यावर घरात वाद घालायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे. शेडचे कर्ज फिटले, धाकटीची फी त्यातूनच जाते, हेही ती जाणते.

गेल्या दिवाळीला मी तिच्यासाठी सलालाचा लोबान नेला होता. भावाने पिशवी दारातच काढून घेतली. शेडच्या आसपास उदबत्ती, धूर, अत्तर, फटाके काहीच चालत नाही; किडे पाचव्या अवस्थेत होते. लक्ष्मीपूजन धुराशिवाय झाले. लोबानाची ती पुडी आईने फडताळात ठेवून दिली आहे, बॅच उठेल तेव्हा जाळायला.