मामांची मापं

आमच्या घरात सागाची एक मांडणी आहे. तिच्या तीन खणांत दोन अँप्लिफायर, एक कॅसेट डेक आणि उभ्या लावलेल्या तबकड्या आहेत. मांडणीला जरासुद्धा न टेकलेली एक वेगळी फळी शेजारच्या भिंतीतून बाहेर आलेली आहे आणि रेकॉर्ड प्लेअर त्या फळीवर असतो. घरी येणारे पाहुणे प्लेअरची चौकशी करतात, तबकड्यांवरची नावं वाचतात, आवाजाचं कौतुक करतात. हा आवाज ज्यांच्या हातामुळे असा लागतो त्यांच्याविषयी मात्र मी आजवर एक ओळही लिहिली नव्हती.

मामा आमच्या आळीतले सुतार. नात्यानं ते आमचे कुणीच नव्हते. माझे वडील शिक्षक. बदली होऊन वेळापूरला आले तेव्हा या गावात आमचं घर नव्हतं, शेत नव्हतं, भावकी नव्हती. एका जुन्या वाड्याच्या माडीवर दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. मामा वाड्याचं दार दुरुस्त करायला आले आणि माझ्या आईला त्यांनी पहिल्याच दिवशी ‘ताई’ म्हणून हाक मारली. तेव्हापासून ते आम्हा भावंडांचे मामा झाले.

तरुणपणी त्यांनी बलुत्यावर काम केलं होतं. कुळव, पाभर, नांगराची जोडणी, बैलगाडीची चाकं, असं वर्षभर शेतकऱ्याचं जे अडेल ते करून द्यायचं आणि सुगी झाली की खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा आणायचा. पुढे लोखंडी नांगर आले, ट्रॅक्टर आले, बलुतं मोडलं. मामा दारं-खिडक्या, देवघरं, पाळणे करू लागले. मजुरी रोखीत घेऊ लागले, तरी माणसांशी हिशेब ठेवायची त्यांची रीत जुनीच राहिली.

तबकड्या आमच्याकडे आल्या त्या गावातल्या स्पीकरवाल्या काकांकडून. लग्न असो, जत्रा असो, निवडणूक असो, काकांचे कर्णे ठरलेले. आषाढीच्या आधी माउलींची पालखी माळशिरसहून निघते. वाटेत खुडूसला रिंगण होतं, पुढे धावाबावीचा उतार वारकरी धावत उतरतात. तुकोबांना इथून पंढरीचं शिखर दिसलं आणि ते धावत सुटले अशी श्रद्धा आहे. त्या दिवशी पालखी वेळापूरला मुक्काम करते. त्या मुक्कामात काका आपलं सगळं सामान सेवा म्हणून लावायचे, कुणाकडून पैसा घ्यायचे नाहीत. ऐंशीच्या दशकात कॅसेटनं सगळं बदललं. मांडवात तबकडी लावणं बंद झालं. काकांकडे नाट्यपदांच्या, भावगीतांच्या, भजनांच्या तबकड्यांची चळत पडून होती. मंगळवेढ्याकडच्या प्रल्हाद शिंद्यांची गाणी तर त्यांच्या विशेष मायेची. भंगारवाल्यानं त्या वजनावर घेतल्या असत्या. काकांनी प्लेअरसकट सगळं आमच्या माडीवर आणून ठेवलं. ‘‘गुरुजी, तुमच्याकडं वाजतील तरी,’’ एवढंच म्हणाले.

पण माडीवर त्या नीट वाजेनात. माडीची जमीन म्हणजे तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर माती. खोलीतून कुणी चाललं की पिन उडायची. गळीत हंगामात तर रात्रभर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर रस्त्यानं जात, आणि गाणं लावणंच अवघड होई. प्लेअर टेबलावर ठेवून पाहिला, ट्रंकेवर ठेवून पाहिला, खाली घोंगडी घालून पाहिली. फरक पडला नाही.

एका संध्याकाळी वडिलांनी मामांना वर बोलावलं. मामांनी आईकडून पितळेची वाटी काठोकाठ पाणी भरून मागून घेतली. ती टेबलावर ठेवली आणि धाकट्या बहिणीला खोलीभर चालायला सांगितलं. पाण्यावर वलयं उठली. मग त्यांनी वाटी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली आणि बहिणीला चक्क उड्या मारायला लावल्या. पाणी जवळजवळ स्थिर राहिलं.

‘‘मशीन बरं हाय गुरुजी,’’ मामा म्हणाले. ‘‘जिमीन नाचतीया. ही भित न्हाय नाचायची.’’

पुढे मी या विषयावर बरंच वाचलं, पण त्या वाटीनं दाखवलं त्याहून मुळातलं काही मला कुठे सापडलं नाही. लाँग प्लेच्या तबकडीवरची खाच मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी अरुंद असते. चावीच्या ग्रामोफोनचा जड हात शंभर ग्रॅमहून अधिक भार तबकडीवर टाकायचा. विजेच्या चांगल्या प्लेअरमध्ये हा भार दोन-तीन ग्रॅमवर आला. भार जितका कमी तितकी तबकडी कमी झिजते, पण पिन तितकीच हळवी होते. आपल्याला मिळालेला हेलकावा गायकाच्या गळ्यातून आला की पायाखालच्या फळीतून, हे पिनेला कळत नाही. ती सगळंच आवाज म्हणून पुढे पाठवते. म्हणून तबकडी जिथे फिरते ती जागा निश्चल हवी. आमच्या माडीत निश्चल होती ती दोन-अडीच फूट रुंदीची दगडमातीची भिंत.

वाड्याच्या मालकीणबाईंनी भिंतीला हात लावायची परवानगी दिली. मामांनी बाभळीच्या दोन घोड्या भिंतीत खोल बसवल्या आणि त्यांवर प्लेअरची फळी ठेवली. बाकीच्या सामानाला वेगळी मांडणी करायचं ठरलं. तेव्हा मी कॉलेजात होतो. मामा म्हणाले, ‘‘मांडणी तू करायची. मी बसतो हितं.’’

लाकूड त्यांनीच शोधलं. जवळच्या गावात एक वाडा पाडला होता, त्याच्या सागाच्या तुळया वखारीत आल्या होत्या. नवं लाकूड सुकताना आकसतं, पीळ खातं. ‘‘ह्या लाकडानं काय वाकायचं ते कवाच वाकून घेतलंय,’’ असं म्हणून त्यांनी त्या तुळया कापून घेतल्या. मग रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर माझी शिकवणी सुरू झाली. करवत रेघेवरून नाही, रेघेच्या कडेनं चालवायची. रेघ लाकडावर शिल्लक दिसली पाहिजे. रंधा लाकडाच्या रेषांच्या दिशेनं मारायचा, उलटा मारला तर फळी उचकटते. प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावायचा, आणि तो आतून-बाहेरून दोन्हीकडून लावायचा. पटाशीला रोज धार द्यायची. बोथट पटाशी हात कापते, धारदार पटाशी लाकूड कापते, हे त्यांचं सांगणं मी आजही पाळतो.

खिळा मारायला त्यांनी सक्त मनाई केली होती. त्यासाठी ते मला अर्धनारी नटेश्वराच्या देवळात घेऊन गेले. वेळापूरचं हे यादवकाळातलं देऊळ. राजा रामचंद्राच्या काळातले मराठी शिलालेख या गावात सापडले आहेत. लोक तिथे शिवपार्वतीची एकत्र मूर्ती पाहायला जातात. मामांनी मला खांब आणि तुळया पाहायला लावल्या. हेमाडपंती बांधणीत दगड चुन्यावाचून, खाचेत खाच अडकवून आणि स्वतःच्या भारानं बसवलेले असतात. ‘‘दगूड असा ऱ्हातो सातशे वर्सं. तुजं लाकूड का न्हाय ऱ्हायचं?’’ आमच्या मांडणीचे सगळे सांधे मग कुसू, खाच आणि पाचर यांवरच उभे राहिले.

फळ्या किती जाड हव्यात यावर ते अडून बसले. शंभर लाँग प्ले तबकड्या वेष्टनांसह वीस-पंचवीस किलो भरतात. पाऊण इंची फळी स्वस्त पडली असती, मामांनी पुरती सव्वा इंच घेतली. फळीची जाडी दुप्पट केली तर ती आठपट ताठ होते, हे गणित मला पुस्तकात नंतर भेटलं. मामा ते अंगठ्यानं फळी दाबून सांगायचे.

पॉलिश करायची वेळ आली तेव्हा त्यांनी चपड्या लाखेचे पातळ पापुद्रे स्पिरिटमध्ये भिजत घातले. ओट्यावर काकाही बसले होते. त्यांनी एक फुटकी जुनी तबकडी आणून तिचा तुकडा त्या स्पिरिटमध्ये टाकला. सकाळी तो मऊ होऊन विरघळू लागला होता. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडीही लाखेचीच. लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी मिळून ती बनते. म्हणून ती कधीही स्पिरिटनं पुसायची नाही, हा धडा काकांनी असा डोळ्यांसमोर दिला.

पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर राहणारा इवलासा किडा ही लाख करतो. छोटा नागपूरच्या जंगलांत आदिवासी ती गोळा करत आले आहेत. रांचीला लाखेवरच्या संशोधनाची संस्था १९२४ साली निघाली. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित झालं तेव्हा तबकड्या छापायला ध्वनिमुद्रणं जर्मनीतल्या हॅनोवरला पाठवावी लागत. १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना सुरू झाला. जगभरच्या तबकड्यांना भारतातली लाख लागायची. साठीच्या दशकात बीटल्सची गाणीसुद्धा आपल्याकडे अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघाली. बालगंधर्वांचं पद आपल्या घरात वाजलं ते गायकामुळे, साथीदारांमुळे, तसंच पळसाच्या फांद्या खरवडणाऱ्या त्या हातांमुळेही. मांडणीवरची लाख आणि मांडणीतली लाख एकाच झाडावरची असू शकते, हे त्या ओट्यावर समजलं आणि आपल्यावरच्या ऋणांची यादी एकदम लांब झाली.

विजेचं सगळं शहाणपण काकांचं. त्यांचं जुनं व्हॉल्व्हचं मशीन, म्हणजे अँप्लिफायर, चांगलंच तापायचं. ‘‘मशीनच्या डोक्यावर वीतभर मोकळी जागा ठेव, पाठ उघडी ठेव,’’ असं त्यांनी बजावलं. गरम हवा वर जाते, तिला वाट मिळाली नाही तर मशीनचं आयुष्य घटतं. मशीनमधला ट्रान्सफॉर्मर पिनेजवळ आला की आवाजात एकसारखी घरघर शिरते, म्हणून मशीन मांडणीच्या दूरच्या टोकाला, भिंतीवरच्या प्लेअरपासून लांब. विजेची वायर एका बाजूनं, आवाजाची दुसऱ्या बाजूनं. अर्थिंगसाठी त्यांनी परसात खड्डा घेतला, कोळसा आणि मीठ यांचे थर घातले आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहायची जबाबदारी माझ्यावर टाकली.

पहिलं गाणं लागलं तेव्हा सगळे स्पीकरकडे पाहत होते. मामा मांडणीच्या प्रत्येक फळीवर पालथा हात ठेवून लाकूड थरथरतंय का ते तपासत होते. शेवटच्या फळीवरून हात काढला आणि म्हणाले, ‘‘झालं.’’

वडिलांनी मजुरी विचारली. मामा चपला घालत म्हणाले, ‘‘बघू की खळ्यावर.’’

आमचं खळं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. वडिलांनी पुन्हा विचारलं, सणाला विचारलं, आईनं ताई म्हणून गळ घातली, उत्तर तेच. मला त्याचा अर्थ समजायला फार काळ गेला. त्या दिवशी पैसे घेतले असते तर हिशेब त्या दिवशीच मिटला असता, आणि आम्ही बदलीवर आलेलं एक बिऱ्हाड राहिलो असतो. खळ्यावर बघू हे सुतार ज्या घराला म्हणतो ते घर त्याच्या गावातलं असतं. बाकी थकवून मामांनी आम्हाला वेळापूरच्या घरांत मोजलं. निवृत्तीनंतर वडिलांनी परत जायचा विचार केला नाही, इथेच घर बांधलं. त्या निर्णयात या थकलेल्या बाकीचा वाटा मोठा होता, असं माझं ठाम मत आहे.

वाडा सोडताना मी मांडणीच्या पाचरी ठोकून काढल्या. सगळे सांधे सुटे झाले आणि नव्या घरात पुन्हा जसेच्या तसे बसले. तोवर मामा गेले होते. पुढे जुन्या ध्वनिमुद्रणांच्या संग्राहकांशी ओळखी झाल्या. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या मंडळाविषयी समजलं, सुरेश चांदवणकरांचं लेखन वाचलं. आपल्या देशाचं केवढं संगीत सामान्य लोकांच्या घरातल्या फळ्यांवर टिकून राहिलं आहे, हे त्यातून उमगलं. त्या फळ्या ज्यांनी रंधल्या त्यांचीही नोंद व्हायला हवी, असं तेव्हापासून मनात आहे.

म्हणून मामांची मापं इथे देतो. तबकड्यांचा खण आतून साडेतेरा इंच उंच, तेरा इंच खोल. दर सात इंचांवर एक उभी फळी, म्हणजे तबकड्या कलत नाहीत आणि वाकत नाहीत. आडवी फळी सव्वा इंच जाड, दोन खांबांत तीस इंचांहून जास्त अंतर नाही. मशीनच्या वर वीतभर मोकळं. पाठ उघडी. प्लेअर भिंतीवर वेगळा, मांडणीला बोटभर अंतर सोडून. खिळा नाही.

या मापांवर मी गावच्या भजनी मंडळाला मशीनची मांडणी करून दिली, शाळेला एक करून दिली. सध्या आळीतलीच दहावीतली एक मुलगी ओट्यावर रंधा शिकते आहे. तिला स्वतःच्या आजोबांच्या रेडिओसाठी मांडणी करायची आहे. लाकूड तिनं आणायचं, हत्यारं माझ्याकडची. मजुरीचं तिच्या वडिलांनी विचारलं, तेव्हा आमच्या घरावरची बाकी कुणाची आहे ते मी त्यांना सविस्तर सांगितलं.