रपट्यावरचं पाणी

गेल्या डिसेंबरात कोलाडला जाऊन आलो. कुंडलिका नदीत कयाक शिकायला! (हसू नका. पन्नाशी जवळ आली की माणसाला असं काहीबाही सुचतं.)

ही नदी विजेच्या वेळापत्रकावर चालते. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं, वीज करून झाली की कुंडलिकेत उतरतं. 1927 पासून हे चाललंय. एरवी हे मुळेचं पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं. याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी 1921 मध्ये मुळशी सत्याग्रह केला होता. असो. सकाळी पाणी आलं की दहा-बारा किलोमीटर नुसती धावाधाव. एक लाट संपली म्हणेपर्यंत दुसरी. दम खायला जागा एकच, मोठ्या खडकाच्या मागचं निवांत पाणी. तिथे होडी वळवून घुसता आलं पाहिजे.

शिकवणाऱ्या मुलाने निघायच्या आधी तीनदा बजावलं होतं, "सर, पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय वर आणि पुढे. काही झालं तरी उभं राहायचं नाही." कारण साधं आहे. पाय दोन दगडांत अडकला की मागून येणारं पाणी माणसाला आडवं पाडतं आणि तसंच दाबून धरतं. मग पाणी कमरेएवढं असलं तरी पुरतं.

तिसऱ्याच लाटेला मी खडकाकडे बघत बसलो आणि बरोबर खडकावरच गेलो. होडी उलटली. कमरेची रबरी झालर पट्टा ओढून सोडवली, वर आलो, आणि पहिलं काय केलं असेल? पाय खाली टाकले! तळ लागला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू... तेवढ्यात मागून ओरडणं आलं, "पाय वर! पाय वर!"

त्या क्षणी मला सेमाडोहच्या अलीकडचा रपटा आठवला.

1994 चा जुलै. बाबांची नोकरी तेव्हा धारणीला. अकोल्याला मामाकडे साखरपुडा होता, म्हणून आम्ही दोघं राजदूतवर पहाटेच निघालो. मेळघाटात रात्रभर पाऊस झाला होता. सिपनेला मिळणारा एक नाला रपट्यावरून वाहत होता. गढूळ, पण फार तर गुडघाभर. बाबांनी गाडी स्टँडवर लावली आणि दगडावर बसले.

"बाबा, चाला ना! गुडघाभर तर हाय."

"बस गप. पानी उतरू दे."

आमच्या डोळ्यांदेखत दोन पोरं लूना ढकलत पलीकडे गेली, वर आमच्याकडे बघून हसली. पाच तास बसलो. साखरपुडा हुकला, मामा वर्षभर रुसला. आणि मी नववीतला शहाणा, मनात एकच शब्द धरून बसलो, भेकड. पुढे कितीतरी वर्षं भांडणात तो वापरलाही. बाबा कधी उलट बोलले नाहीत.

कोलाडहून रात्री अमरावतीला फोन लावला. सगळं सांगितलं. म्हटलं, "बाबा, त्या दिवशी तुमचंच बरोबर होतं. गुडघाभर पान्यातही मानूस जाते."

बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग म्हणाले, "ते दगडाबिगडाचं मले काय माईत. मले पोहता येत नाई ना बापा. तू वाहून गेला असता त मी नुसता पाहत रायलो असतो."

"मग तवा सांगाचं ना!"

"पोराले कसं सांगाव?"

वयाची ऐंशी उलटल्यावर सांगितलं. भेकड म्हटलेलं त्यांनी ऐकून घेतलं, पण हे नाही सांगितलं. पुढच्या महिन्यात घरी जाणार आहे. तो शब्द परत कसा घ्यायचा, हे मात्र अजून सुचलेलं नाही.