अंगाला लावायचं तेल

थंडी पडली की खोबरेलाची बाटली गोठते. पारा 24 अंशांच्या खाली गेला की ते थिजणारच, म्हणून त्यात भेसळ आहे असं नव्हे. मालिशला मात्र या दिवसांत मी तिळाकडे वळते. घाण्याचं, कच्च्या तिळाचं, जरा उग्र वासाचं. (भाजलेल्या तिळाचं ते गडद तेल नूडल्ससाठीच ठेवावं!) वाटी गरम पाण्यात धरून कोमट केलं की हात कसा सरसर फिरतो. दिवाळीच्या अभ्यंगाला तीळतेल का, ते तेव्हा कळतं.

बदामतेल हलकं, चेहऱ्याला चालणारं, पण महाग. काही बाटल्यांवर 'बदाम' ठळक अक्षरांत असतो आणि घटकांत पहिलं नाव लिक्विड पॅराफिनचं, म्हणजे खनिज तेलाचं! घटक वाचल्याशिवाय मी पैसे काढत नाही. जोजोबा तर खरं म्हणजे द्रवरूप मेण.

मोहरीचं तेल उत्तरेत तान्ह्या बाळांनाही चोळतात. नाजूक कातडीला ते झोंबतं; मी लावणार नाही. निलगिरी, लवंगेचं सुगंधी तेल तर नुसतं कधीच नको, चमचाभर साध्या तेलात थेंबभर पुरे.

आणि नवं तेल आणलंत, तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा.