फुटबॉलसाठी जमीन विकायची का?



खत-बियाणे आणि रोग-कीड सोडून आज मी खेळावर लिहितो आहे, याचे तुम्हांला नवल वाटेल. पण गावोगाव फिरताना शाळेच्या पटांगणात, कापणी झालेल्या वावरात मुले फुटबॉल खेळताना हल्ली बरीच दिसतात. खेळ अंगाला चांगलाच. प्रश्न उभा राहतो तो पोर म्हणू लागते, "मी यातच पोट भरणार," तेव्हा.

आमच्या मंडलातल्या एका शेतकऱ्यापुढे हा प्रश्न उभा राहिला. मुलगा बारावीत, तालुक्याच्या संघात आघाडीला खेळणारा, गोलही बरे करतो. मुंबईच्या उपनगरात शिकवणी चालवणाऱ्या कुणीतरी सांगितले, "तीन लाख भरा, दोन वर्षांत मोठ्या संघात घालतो." बाप माझ्याकडे आला. म्हणाला, "साहेब, विहिरीकडचा अर्धा एकर काढू का?"

मी त्याला राहुल भेके या मुंबईकर खेळाडूची हकीकत सांगितली. तीच तुम्हांला सांगतो.

१७ मार्च २०१९ रोजी मी अंधेरीत होतो. बहीण बोरिवलीला असते. भाच्याने तिकिटे काढली होती, म्हणून त्याच्याबरोबर गेलो. अंधेरी पश्चिमेला शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल आहे. तिथे इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना होता, बेंगळुरू विरुद्ध गोवा. बरोबर एक वर्षापूर्वी बेंगळुरूचा संघ असाच अंतिम सामना चेन्नईकडून हरला होता. नव्वद मिनिटे झाली, गोल नाही. जादा वेळ सुरू झाला. गोव्याचा एक गडी पंचांनी बाहेर काढला, तरीही गोल होईना. शेवटची तीन-चार मिनिटे उरली असताना कोपऱ्यातून चेंडू आला आणि भेकेने उंच उडी घेऊन डोक्याने तो जाळ्यात घातला. बेंगळुरू जिंकले. गंमत अशी की, हा गडी गोल करणारा नव्हेच. तो बचावाला खेळतो.

भाचा म्हणाला, "मामा, एका गोलात नशीब उघडलं बघा!" मला ते पटले नाही. घरी येऊन मी त्या खेळाडूचा मागचा प्रवास शोधून वाचला.

भेकेचा जन्म डिसेंबर १९९० चा. पोरवयात तो महिंद्राच्या संघात तयार झाला. तो क्लब २०१० साली बंद झाला. मग एअर इंडिया. तो संघ २०१३ नंतर आय-लीगमध्ये दिसला नाही. मग मुंबई एफसी. तो २०१७ साली आय-लीगमधून खाली घसरला आणि मोडला. पुढे कोलकात्याचे ईस्ट बंगाल, केरळ, पुणे. पुण्याचा संघही २०१९ साली संपला. ज्या ज्या वाफ्यात हे रोप वाढले, त्यांतले बहुतेक वाफे मागे उखडले गेले. रोप मात्र टिकले, कारण प्रत्येक ठिकाणी त्याने मूळ धरले. अंधेरीतल्या त्या गोलाच्या वेळी त्याला अठ्ठावीस वर्षे पूर्ण झाली होती. भारताकडून पहिला सामना तो त्यानंतर, जून २०१९ मध्ये, थायलंडात खेळला. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई सिटीकडून खेळताना त्याने इराकच्या संघाविरुद्ध विजयी गोल केला. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत भारतीय क्लबाचा तो पहिला विजय होता.

आता तीन लाखांत दोन वर्षांचा वायदा करणाऱ्याला काय म्हणावे? पी हळद अन् हो गोरी! आंब्याचे कलम लावले की पहिली तीन-चार वर्षे आलेला मोहोर आपण खुडून टाकतो. झाड आधी सावरू देतो. पोराच्या बाबतीत मात्र आपल्याला पहिल्याच वर्षी पाटी भरून आंबे हवे असतात.

शिवाय या धंद्यात क्लबाचाच भरवसा नाही. पूर्वी मुंबईत टाटा, मफतलाल, ऑर्के मिल, रेल्वे, बँका यांचे संघ असत. दिवसा नोकरी, संध्याकाळी सराव. खेळ सुटला तरी चूल पेटत असे. तो आधार आता फारसा उरला नाही. फुटबॉलवेड्या इटलीतही हेच. पर्मासारखा नामांकित क्लब २०१५ साली दिवाळखोरीत गेला आणि त्याला थेट चौथ्या श्रेणीतून पुन्हा सुरुवात करावी लागली. तीन वर्षांत तो वर आला खरा, पण मधल्या काळात खेळाडूंना दुसरीकडे पोट शोधावे लागले.

म्हणून मी त्या शेतकऱ्याला सांगितले, "दादा, जमीन काढू नका. ज्या संघाला खेळाडू खरोखर हवा असतो, तो त्याला मानधन देतो. बापाकडे शेताचे पैसे मागत नाही. पोराला बारावी होऊ द्या. खेळ थांबवू नका. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना भेटा, जिल्हा आणि विभागाच्या निवड चाचण्यांना त्याला पाठवा. खेळाची प्रमाणपत्रे जपून ठेवा. राज्य शासनाच्या नोकरीत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. तिथे ती कामाला येतील."

मुलगा रुसला, चार दिवस नीट जेवला नाही. आईने समजूत काढली. त्याने परीक्षा दिली, पास झाला. आता तालुक्याच्या कॉलेजात शिकतो आणि पहाटे मैदानावर धावतो. तो मोठा खेळाडू होईल की नाही, हे मी कसे सांगू? पण अर्धा एकर सातबाऱ्यावर शाबूत आहे, आणि खेळात अपयश आले तरी त्या पोराला परतायला घर आहे.

तुमच्या घरात असे पोर असेल तर त्याला मारून-मुटकून बसवू नका, आणि एका गोलावर भाळून वावरही विकू नका. त्याच्याशी बसून बोला. दहा वर्षांची तयारी आहे का, हे त्याला विचारा. आणि तेवढी कळ काढायची आपली तयारी आहे का, हे आधी स्वतःला विचारा.