त्रयोदशीचें पाणी

मालवणाहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता तारकर्लीच्या माडांच्या बनांतून जातो, देवबागांत शिरतो आणि तेथेंच संपतो. त्यापुढें जावयास जमीनच नाहीं. उजव्या हातास अरबी समुद्र, डाव्या हातास कर्ली नदी, आणि मध्यें वाळूची एक लांबट, निमुळती पट्टी, हेंच देवबाग. सह्याद्रींतून उतरलेली कर्ली समुद्राच्या अगदीं जवळ येऊनहि एकदम त्यास मिळत नाहीं. ती कांहीं अंतर त्याच्या कांठाकांठानें दक्षिणेस चालत जाते, आणि पट्टीच्या टोकाशीं, पलीकडील भोगव्याच्या अलीकडे, त्यास मिळते. पश्चिमेस लाटांचा गंभीर घोष आणि पूर्वेस आरशासारखें निश्चल पाणी पाहून पाहणारास वाटावें कीं, भय असलेंच तर तें पश्चिमेकडे, पूर्वेकडे नव्हे. आमचाहि तोच समज होता. तो कसा दूर झाला, तेंच वाचकांस सांगावयाचें आहे.

मार्गशीर्षांत आम्ही सहकुटुंब मालवणास गेलों होतों. मातोश्री, दोघे बंधु, वहिनी, आणि लहानमोठीं सात मुलें असा आमचा परिवार. सन १६६४ च्या नोव्हेंबरांत ज्याचा पाया घातला गेला तो सिंधुदुर्ग किल्ला पाहून झाला, माशांच्या बाजारांतील गलबला नाकावर रुमाल धरून दुरून ऐकून झाला, आणि मग मुलांनीं देवबागच्या नदींत कयाक चालविण्याचा हट्ट धरला. वडीलकीस शोभेल असा तोड आम्हीं काढला : आज आम्ही व आमचे एक बालमित्र स्वतः जाऊन पाहूं, आणि धोका नसल्यास उद्यां मुलांस नेऊं. आमचे हे मित्र जन्मभर इंजिनियरीचा व्यवसाय करून निवृत्त झालेले. निघण्यापूर्वीं त्यांनीं मोबाइलवर वाऱ्याचा वेग पाहिला, पावसाची शक्यता पाहिली, आणि “सारें ठीक आहे,” असा निर्वाळा दिला. मातोश्री देवापुढें बसल्या होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, “आज प्रदोष आहे रे, दुपारच्या आंत घरीं या.”

कयाक म्हणजे मूळ उत्तर ध्रुवाकडील हिमप्रदेशांतील इन्युइट लोकांची शिकारीची होडी. लांकडाच्या किंवा देवमाशाच्या हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून ती करीत. जॉन मॅकग्रेगर नांवाच्या एका स्कॉटिश गृहस्थानें सन १८६५ मध्यें तशाच धर्तीची लांकडी होडी घेऊन युरोपांतील नद्यांतून प्रवास केला व त्यावर पुस्तक लिहिलें. तेव्हांपासून या होडीचा छंद सुखवस्तु लोकांत पसरला. सन १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकांत तिच्या शर्यतीहि आल्या. आतांची कयाक प्लॅस्टिकची असते, आणि आपल्या कोंकणी होडीस तोल राखण्यासाठीं जशी बाजूस उलांडी असते तशी हिला नसते. वल्हें एकच, परंतु त्यास दोन्ही टोकांस पातीं. दोघांच्या होडींत पुढच्यानें ताल धरावा व मागच्यानें दिशा सांभाळावी, असा नियम. आम्ही पुढें बसलों, मित्र मागें.

होडी देणारे म्हातारे नावाडी अंगांत जाकिटांचे पट्टे आवळीत म्हणाले, “दिसाक ती नदी, पण हुकूम दर्याचो. धा वाजाच्या आधी माघारी फिरा.” आम्हीं मान डोलाविली. शहरांतील माणूस अशा वेळीं जशी डोलावितो तशीच ती होती.

आठ वाजतां आम्ही उत्तरेकडे, म्हणजे नदीच्या वरच्या अंगास निघालों. प्रारंभींचीं दहा मिनिटें फजितीचीं गेलीं. आमचें पातें उजवीकडे पडे तेव्हां मित्रांचें डावीकडे, आणि दोहोंचीं टोकें हवेंत एकमेकांवर आपटत. “अरे, ताल धर!” असें ते मागून ओरडत, आणि “अरे, तूं दिशा धर!” असें आम्ही पुढून. मग बोलणें थांबलें आणि जमूं लागलें. शाळेंत एका बाकावर बसल्यापासून आज पन्नास वर्षांत आम्ही इतका वेळ न बोलतां एकत्र बसल्याचें स्मरत नाहीं. होडी तर अशी झपाझप चालली कीं, आम्हांस आपल्या दंडांचें कौतुक वाटूं लागलें. मागून भरतीचें पाणी आम्हांस लोटीत होतें, ही गोष्ट मनांतहि आली नाहीं.

पुढें कांदळवन लागलें. चिखलांतून वर आलेलीं असंख्य श्वासमुळें, त्यांवर पाण्याची चढती रेघ, आणि वर चिप्पीचीं व तिवरांचीं हिरवींगार झाडें. पांढरी चिप्पी ही सन २०२० पासून महाराष्ट्राची राज्य-कांदळवनवृक्ष ठरली आहे. इतर झाडें मुळांस हवा न मिळाल्यास कुजून मरतात. हीं मात्र मुळेंच चिखलाबाहेर काढून श्वास घेतात. याच मुळांच्या जाळ्यांत कोळंबी व माशांचीं पिलें वाढतात. एक खंड्या निळ्या बाणासारखा आमच्या पुढ्यांतून गेला. तेथें सावलींत आम्हीं वल्हीं आडवीं ठेविलीं. मित्रांनीं डब्यांतील थालीपीठ काढलें, आम्हीं थर्मासांतील कॉफी. निवृत्तीनंतर घरांत आपलें म्हणणें कोणी ऐकत नाहीं असें जें दुःख ते आजवर विनोदांत झांकीत आले होते, तें त्यांनीं तेथें सरळ सांगितलें. अशा बोलण्यांत घड्याळ पाहावयाचें सुचत नाहीं. आम्ही माघारी फिरलों तेव्हां साडेअकरा वाजून गेले होते, आणि मुळांवरील ओली रेघ पाण्याच्या हातभर वर राहिली होती.

परतीची वाट फारच सुखाची वाटली. वल्हें न मारतांहि होडी धांवत होती. “पाहा, आतां आपण तरबेज झालों,” मित्र म्हणाले. तोंच आमचा धक्का दिसला, समोर आला, आणि बाजूनें मागें जाऊं लागला. आम्हीं होडी वळविली व जोरानें वल्हवूं लागलों. कांठावरचा एक माड आम्हीं खुणेस धरला होता. शंभर वल्हीं मारूनहि तो जेथल्या तेथें, आणि श्वास घेण्यास थांबतांच तो पुढें सरके. पाण्यावर लाट नव्हती, फेंस नव्हता, आवाज नव्हता. तेंच शांत पाणी आम्हांस दक्षिणेकडे, नदीच्या मुखाकडे, नेत होतें. मुखाशीं लाटांची एक पांढरी रेघ उठतांना दिसत होती. आम्हांस घरचीं सात मुलें आठवलीं. यांतील एखादें आज पुढच्या जागेवर बसलें असतें तर, हा विचार मनांत आला मात्र, हात गळल्यासारखे झाले.

मित्रांची इंजिनियरी त्या वेळीं कामास आली. ते म्हणाले, “समोरासमोर झगडूं नकोस. होडी तिरकी धर. पाणी नेतें तिकडे जाऊं, पण सरकत सरकत उथळाकडे.” मुखाच्या अलीकडे नदींत वाळूचा एक उंचवटा आहे. सन २००४ च्या डिसेंबरांतील सुनामीनंतर तो वर आला असें लोक सांगतात, व त्यास ‘सुनामी बेट’ म्हणतात. भरतीच्या वेळीं तो झांकतो, ओहोटींत उघडा पडतो. होडीचें बूड त्याच्या कडेस खरखरलें तेव्हां आम्ही दोघेहि गुडघाभर पाण्यांत उतरलों आणि होडी घट्ट धरून उभे राहिलों. कोणी कोणास बोललें नाहीं.

थोड्या वेळानें यंत्राची होडी घेऊन तेच नावाडी आले. रागावले नाहींत. दोर फेंकला, कयाक मागें बांधली, आणि धक्क्यावर आल्यावर म्हणाले, “चाय घेवया.” चहा पितां पितां त्यांनीं विचारलें, “आज तिथ खयची?”

“त्रयोदशी,” आम्ही ताबडतोब म्हणालों.

“मगे तुमका सगळा ठावक होता!”

आम्ही गोंधळून पाहत राहिलों, तेव्हां त्यांनीं बोटांवर हिशेब करून दाखविला. तिथीचा आंकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी. जें येईल त्या वाजण्याच्या सुमारास भरती पुरी होते. तेराची पाऊणपट पावणेदहा. तेथून सहा तास ओहोटी, आणि त्यांतील तिसऱ्या-चौथ्या तासास ओढ सर्वांत जबर. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हां पाणी पुष्कळ चढतें व तितकेंच वेगानें उतरतें. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हां तें मवाळ.

घरीं येऊन आम्हीं या आडाख्याचा विचार केला तों तो शास्त्रास धरून निघाला. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढें सरकला म्हणजे एक तिथि होते. बारा अंश फिरण्यास पृथ्वीस अठ्ठेचाळीस मिनिटें लागतात. म्हणून चंद्र, आणि त्याच्यामागोमाग भरती, रोज सुमारें तितकीच उशीरा येते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटें. बोटांवरच्या हिशेबांत तीन मिनिटांची चूक! आमच्या भिंतीवर बारा महिने पंचांग टांगलेलें असतें. त्यांतून आम्ही एकादशी पाहतों, संकष्टी पाहतों, चंद्रोदयाच्या वेळेवरून भांडतोंहि. त्या दिवशीं सकाळीं तर मातोश्रींनीं तिथि आमच्या कानांत घातली होती. परंतु ज्या चंद्राच्या नांवानें उपास, तोच चंद्र पाणी ओढतो, एवढा सांधा आम्हां दोघां पदवीधरांस जुळविता आला नव्हता.

देवबागच्या लोकांस हा हिशेब विसरून चालत नाहीं. त्यांच्या समुद्राकडील अंगास लाटा किनारा खातात, म्हणून काळ्या दगडांचे बंधारे घातलेले आहेत. तरी उधाणाच्या तिथीस पावसाळ्यांत घरांतील वडील माणसें जागीं असतात. पंचांग त्यांच्या घरींहि आहे. तें ते पाण्याकडे पाहून वाचतात.

दुसऱ्या दिवशीं चतुर्दशी होती. चौदाची पाऊणपट साडेदहा. नऊ वाजतां मुलांस घेऊन आम्ही पाण्यांत उतरलों, नावाडी बरोबर होते, आणि साडेदहाच्या ठोक्यास सातहि मुलें धक्क्यावर मोजून घेतलीं. हिशेब या वेळीं धाकट्या पुतणीनें केला होता. मातोश्रींनीं तिच्याकडून तो शिकून घेतला, आणि आतां रोज सकाळीं तिथि सांगतांना देवबागास भरती किती वाजतां, तेंहि त्या सांगतात.